पांढरा पुण्याचा, लाल पापाचा

जिन्यात चपलांचा एवढा ढीग होता की पाय ठेवायला पायरी शोधावी लागत होती. हातातली पिशवी छातीशी धरून, कोणाच्या बुटावर, कोणाच्या सँडलवर पाय देत, तोंडानं पुटपुटत मी कशीबशी वर पोचले. खाली दिव्यांचं दुकान, वर घर. हे माझ्या भाचीचं सासर. एरवी मी आले की भाची धावत दाराशी येते. त्या शनिवारी दार सताड उघडं होतं आणि दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती.

"काय चाललंय?" मी पुढच्या माणसाला विचारलं.

"श्श! ताई उजळतायत."

"काय होतायत?"

"उजळतायत हो! जरा गप्प राहा."

मी टाचा उंच केल्या. समोर टेबल, टेबलावर जांभळी मखमल, मखमलीवर लाकडी पेटी, आणि पेटीत एखादं हिऱ्याचं लॉकेट ठेवावं तसा ठेवलेला चार बटणांचा एक पांढरा रिमोट! तीन बटणांवर सोनेरी कागद चिकटवलेला, चौथं उघडं. शेजारी काचेचा गोल दिवा. टेबलामागे पांढऱ्याशुभ्र झग्यात एक गृहस्थ डोळे अर्धे मिटून बसले होते. हेच ते स्पर्शगुरू.

टेबलापुढे कपडे शिवणारी एक बाई उभी होती. गळ्यात अजून मापाची पट्टी होती, बिचारी काम टाकून आली असावी. स्पर्शगुरू तिला मधाळ आवाजात म्हणाले, "भिऊ नकोस, ताई. फुलाला हात लावतेस ना, तसं. नुसतं बोट टेकव आणि उचल."

तिनं बोट टेकवलं, उचललं. दिवा पांढराशुभ्र पेटला.

"निर्मळ!" स्पर्शगुरूंनी जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली.

तिच्यामागे एक बँकेतला कारकून होता. सभ्य, चष्मेवाला, इस्त्रीच्या शर्टातला. स्पर्शगुरूंनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि उसासा टाकला. "तुम्ही जड आहात. आत बरंच साठलंय. दाबा बटण. दाबून धरा. मनातलं सगळं बोटात उतरू दे. सोडू नका, सोडू नका..."

दिवा लालभडक झाला.

"मी ऑफिसातले कोरे कागद घरी नेतो!" कारकून एकदम ओरडला. "मुलीला चित्रं काढायला! फक्त एका बाजूनं छापलेले नेत होतो, पण हल्ली पूर्ण कोरेही..."

त्याला कोणी काहीच विचारलं नव्हतं. पण दिवा लाल झाला म्हटल्यावर माणसाला काहीतरी आठवतंच. तुम्हालाही आठवेल, मलाही आठवेल. त्यासाठी दिवा कशाला हवा?

मग एक म्हातारं जोडपं आलं. त्यांना वेगळीच सूचना मिळाली. "दोन ठोके द्या. टक, टक. पहिला तुमचा, दुसरा तुमच्या पूर्वजांचा." त्यांनी टकटक केलं आणि दिवा निळा झाला. पूर्वज प्रसन्न! म्हाताऱ्यानं म्हातारीचा हात धरला आणि अभिमानानं इकडेतिकडे पाहिलं, जणू पूर्वज त्याच्याच शिफारशीनं प्रसन्न झाले होते.

मग स्पर्शगुरूंनी प्रवचन केलं. "माणूस म्हणजे ऊर्जा. ऊर्जा म्हणजे लहरी. आणि लहरी म्हणजे..." इथे ते थांबले, सगळ्यांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "लहरीच." लोकांनी माना डोलावल्या. "विज्ञान आज जिथे पोचायला धडपडतंय, तिथून मी कालच परत आलो. हे यंत्र साधं आहे, मी लपवत नाही. याच घराच्या दुकानातला रिमोट, याच दुकानातला दिवा. मी फक्त आठवडाभर उशाशी घेऊन झोपलो आणि त्यात प्राण ओतला."

मी इतका वेळ त्यांच्या हातांवर नजर ठेवून होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे वर, बोट हलत नव्हतं. पायात मोजेसुद्धा नव्हते. खोलीत कोणी साथीदार दिसेना. खरं सांगते, मी चिडले. लबाडी समोर दिसत असून ती कशी केली हे कळू नये, याच्यासारखा मनस्ताप नाही.

भाची स्वयंपाकघरात सापडली. या सगळ्या मंडळींचा चहा तिच्याच गळ्यात पडला होता. मला पाहिल्यावर तिनं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडायला लागली. ही पोरगी औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहते, आडदांड गिऱ्हाइकांना सरळ करते. तिला रडताना मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"आत्या, बरं झालं आलीस. मी दोनदा लाल झालेय."

"झालीस तर झालीस. लाल रंग तुला शोभतो."

"चेष्टा नको गं. उद्या तिसरी वेळ आहे. उद्याही लाल झाले तर अप्पांचं ऑपरेशन रद्द."

अप्पा म्हणजे तिचे सासरे. हे दुकान त्यांनी उभं केलं. मध्यंतरी दुकानात एक मोठं झुंबर टांगताना ते शिडीवरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. पहिल्या ऑपरेशनात हाडात बसवलेला खिळा सरकला. आता सांधा बदलायचा, मंगळवारी, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. आणखी उशीर केला तर म्हातारा कायमचा अंथरुणाला खिळेल, हेही सांगितलं होतं. ती तारीख मिळवायला भाचीनं हॉस्पिटलच्या किती फेऱ्या मारल्या, ते मला ठाऊक आहे.

"आणि गुरुमहाराज काय म्हणतात?"

"म्हणतात, हाड माणसाचं नसतं, घराचं असतं. घरातला दोष गेला की आपोआप जुळेल. आणि दोष म्हणजे मी. दोषी माणसाच्या सल्ल्यानं पोटात सुरी घातली तर..."

"खुब्यात."

"तेच मी म्हटलं! तर म्हणाले, बघा, कशी उलट बोलते. आत्या, मी पहिल्या सभेच्या दिवशी फक्त एवढंच विचारलं होतं, की हे पाहुण्यांच्या खोलीत आणखी किती दिवस राहणार? एसी लावून झोपतात गं. चहात साखर कमी पडली तर ऊर्जा कमी पडते म्हणतात. त्याच संध्याकाळी मी लाल झाले."

"नवरा काय म्हणतो तुझा?"

"तो माझ्यासमोर माझं म्हणतो आणि दादांसमोर दादांचं."

दादा म्हणजे तिचे थोरले दीर. दुकान आता तेच चालवतात. स्पर्शगुरूंना घरात आणलं ते त्यांनीच. स्वभावानं वाईट नाहीत हो, उलट जरा जास्तच भाबडे. पण त्यांचा दिवा पहिल्याच सभेत पांढरा झाला आणि तेव्हापासून ते गुरूंच्या शब्दाबाहेर नव्हते.

मी अप्पांच्या खोलीत डोकावले. म्हातारा उशांच्या आधारानं अर्धवट बसला होता. पांघरुणाखालचा पाय लाकडासारखा सरळ.

"या विहीणबाई! तुम्ही झालात का लाल?"

"अजून नाही. तुम्ही?"

"मला टेबलापर्यंत नेणार कोण? म्हणून अजून माझी लाज झाकलेली आहे." ते हसले. मग हसू गेलं. "मला खाली दुकानात एकदा चालत जायचंय. बास. सुनेनं तारीख काढलीय. पण घरात भांडण नको म्हणून गप्प पडलोय. थोरला रोज येतो, पायाशी बसतो, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. त्याला काय झालंय, तुम्हाला काही कळतंय का?"

मी त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली आणि बाहेर आले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला पटणार नाही. मी नोकरीभर कान तपासले. काचेची खोली, कानावर हेडफोन, पेशंटच्या हातात एक बटण. "आवाज आला की दाबा." बस, हेच काम. तेव्हा बटण हातात आल्यावर माणूस काय काय करतो, ते मला विचारा. कोणी घाबरून दाबूनच धरतो. कोणी दाबतो, पुन्हा दाबतो, खात्रीसाठी अजून एकदा दाबतो. कोणाला किती ऐकू येतं हे कानावर अवलंबून असतंच, पण मी सूचना कशी दिली यावरही असतं. म्हणून आमच्याकडे सक्त शिस्त होती: प्रत्येकाला तीच सूचना, त्याच शब्दांत. सूचना बदलली की निकाल बदलला, मग ती तपासणीच फुकट.

आणि हे महाराज प्रत्येकाला वेगळी सूचना देत होते. शिवणकामवालीला "टेकव आणि उचल." कारकुनाला "दाबून धरा." हे मला पाहताक्षणीच खुपलं होतं. पण त्यानं दिव्याचा रंग का बदलावा? हे काही कळेना. माझ्या बटणाला एकच काम होतं, दाबलं की खूण व्हायची.

रविवारी सकाळी मी दुकानात जाऊन बसले. वरती संध्याकाळच्या सभेची तयारी चालली होती, खाली निदान गिऱ्हाइकं तरी माणसात होती. दादा एका बाईंना माल दाखवत होते. बाईंची आई म्हातारी, उठून स्विचपर्यंत जाता येत नाही, असं काहीसं होतं. दादा असे खुलले होते! दुकानात उभा राहिला की हा माणूस वेगळाच दिसतो.

"हा घ्या, बाई. आईंच्या उशाशी ठेवायचा. बटणं चारच, पण कामं बारा! कसं ते बघा. हे बटण एकदा दाबलं की दिवा लागला. हेच बटण दोनदा पटपट दाबलं की पंखा. आणि हेच धरून ठेवलं की तुमच्या खोलीत घंटी."

"एकाच बटणावर तीन-तीन?"

"हो ना! आणि कशावर काय हवं ते तुम्ही ठरवायचं. मोबाईलवर ॲप येतं. त्यात जायचं, बटण निवडायचं, एकदा दाबलं तर काय, दोनदा दाबलं तर काय, धरलं तर काय, सगळं लावून टाकायचं. दिव्याचा रंगसुद्धा ठरवता येतो. आणि एकदा ठरवलं की पुन्हा मोबाईल लागत नाही. रिमोट आणि दिवा एकमेकांचं बघून घेतात."

मी स्टुलावरून पडायचीच बाकी राहिले. दादांच्या हातात होता तो पांढरा, चार बटणांचा रिमोट. तंतोतंत वरच्या मखमलीवरचा. फक्त याला सोनेरी कागद नव्हता.

अहो, ज्या माणसानं हे वाक्य शेकडो गिऱ्हाइकांना तोंडपाठ ऐकवलं असेल, तो माणूस जिना चढून वर जातो आणि त्याच रिमोटपुढे हात जोडतो! मला आधी हसू आलं, मग राग आला. त्याच वेळी त्यांना सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं. पण मी नुसतं बोलून काय होणार? आत्याबाईंना शंका घ्यायची खोड आहे, एवढंच म्हणाले असते. लोकांनी डोळ्यांनी पाहिलं तो दिवा, तर उत्तरही डोळ्यांनीच दिसायला हवं. मी गप्प बसले. भाचीलाही बोलले नाही. तिचा चेहरा म्हणजे उघडं कपाट, त्यात काही लपत नाही.

संध्याकाळी गर्दी कालच्यापेक्षा जास्त होती. आज घरच्याच माणसाचा निकाल, म्हणजे करमणुकीला तोटा नाही. अप्पांच्या खोलीचं दार त्यांनी हट्टानं उघडं ठेवायला लावलं होतं, त्यांना सगळं ऐकायचं होतं. कालचा कारकून पहिल्या रांगेत होता. काल लाल झाल्यापासून त्याचा चेहरा सुतकी होता.

स्पर्शगुरूंनी भाचीला पुढे बोलावलं. आवाजात करुणा ओसंडत होती. "ये, पोरी. शेवटची संधी. आज दोष नसेल तर मी स्वतः ऑपरेशनला आशीर्वाद देईन. दाब, आणि मी सांगेपर्यंत धरून ठेव. जीव गेला तरी सोडू नकोस."

आता भाची आमची आज्ञाधारक. डॉक्टरांनी लिहिलं तेवढंच औषध देणारी. सांगितलं असतं तर ती खरंच सकाळपर्यंत धरून राहिली असती. लाल व्हायला हाच गुण लागतो, हे मला तेव्हा कळलं.

"महाराज," मी उठले, "एक शंका आहे."

"विचारा, माई."

"यंत्र सत्य सांगतं ना?"

"त्रिवार सत्य."

"मग बोट कसं लावलं यानं फरक पडायचं कारण नाही. आज हिला फुलासारखं टेकवू द्या."

स्पर्शगुरूंचे अर्धे मिटलेले डोळे पूर्ण उघडले. "माई, प्रत्येकाची ऊर्जा वेगळी, म्हणून प्रत्येकाची पद्धत वेगळी. जड माणसानं हलका स्पर्श केला तर..."

"काय होईल? करून बघू की!" हे मी नाही बोलले, कारकून बोलला. मागून दोघातिघांनी री ओढली. कालचे सगळे लाल एकाएकी जागे झाले होते.

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं बोट टेकवलं आणि उचललं.

पांढरा.

खोलीत कुजबुज उठली. गुरू क्षणभर गडबडले, पण मुरलेला माणूस तो! "पाहिलंत? कालच्या पश्चात्तापानं तिचा दोष जळाला!"

"छान झालं," मी म्हटलं. "मग दादा, आता तुम्ही या. तुम्ही तर पहिल्यापासून निर्मळ. तुम्ही जरा दाबून धरा."

गुरू "नको" म्हणायच्या आत दादा पुढे आले. गुरूंची शान राखायला आले होते बिचारे. त्यांनी बटणावर अंगठा ठेवला आणि दाबून धरला.

दिवा लालभडक झाला.

मला वाटलं होतं, दादा चपापतील, रिमोटकडे बघतील, आणि त्यांच्यातला दुकानदार जागा होईल. तसं झालं नाही. ते लाल दिव्याकडे बघत राहिले. अंगठा तसाच.

"मी शिडी सोडली होती," ते म्हणाले.

कोणाला काही कळलं नाही.

"अप्पा वर होते. मी खाली शिडी धरून होतो. फोन वाजला. मी एक हात काढला, मग दुसरा... नुसतं नाव बघायला. आणि ते पडले." ते खालीच बसले. "कोणाला बोललो नाही. अप्पांनाही नाही. मला वाटलं, दिवा पांढरा झाला म्हणजे माझी चूक नव्हती. दुसऱ्या कोणाची तरी असेल."

माणसाला असं चारचौघांत उघडं पाडायला मी निघाले नव्हते.

आणि स्पर्शगुरू? ते दोन्ही हात वर करून उभे राहिले होते! "पाहा! यंत्रानं सत्य बाहेर काढलं! मुलानं बापाला पाडलं आणि दिव्यानं ते ओळखलं! आहे कोणाला शंका?"

कोणालाच नव्हती. शिवणकामवाली हात जोडून खाली वाकली. कारकूनसुद्धा पांढराफटक पडला. मी महाराजांचं भांडं फोडायला गेले आणि उलट त्यांना आभाळाला टेकवून बसले! एक क्षण माझ्या डोळ्यांपुढे मंगळवार आला आणि गेला. आता ऑपरेशन कसलं, आता तर घरात गुरूंचं मंदिरच उभं राहिलं असतं.

मी सरळ टेबलाशी गेले. बटणाला बोट टेकवलं, उचललं. पांढरा. दाबून धरलं. लाल. टकटक केलं. निळा.

"मी घटकेत पुण्यवान, घटकेत पापी," मी म्हटलं, "आणि मधूनच माझे पूर्वजही येऊन गेले. आता ज्यांना उजळायचंय त्यांनी रांग लावा. टेकवलं की पांढरा. धरलं की लाल. तुमचं तुम्ही ठरवा."

कारकून पहिला धावला. टेकवलं. पांढरा! त्यानं पुन्हा टेकवलं. पांढरा! "म्हणजे कागदांचं मी उगाचच सांगितलं?" तो कळवळून म्हणाला. मग झुंबडच उडाली. त्या म्हाताऱ्यानं दाबून धरलं आणि स्वतःला लाल करून घेतलं, म्हातारी म्हणाली, "मला ठाऊकच होतं," आणि सगळी खोली हसली.

मी दादांपाशी जाऊन बसले. "दादा, सकाळी दुकानात त्या बाईंना काय सांगत होतात? म्हणून दाखवा."

दादा अगदी हळू, पाठ केलेलं म्हणावं तसं म्हणू लागले. "हे बटण एकदा दाबलं की... दोनदा दाबलं की... आणि धरून ठेवलं की..." ते थांबले. "कशावर काय हवं ते आपण ठरवायचं. एकदा ठरवलं की मोबाईल लागत नाही." त्यांनी मखमलीकडे पाहिलं. "आठवडाभर त्यांच्या उशाशी होता."

"उशाशी मोबाईलही असेलच."

दादा उठले. डोळे पुसले आणि रिमोट उचलला. आता मात्र दुकानदार जागा झाला होता. टाचणीनं रिमोटच्या मागचं बारीक बटण दाबलं, दिव्याचीही जुनी ओळख पुसली आणि दोन्ही स्वतःच्या मोबाईलला जोडले. ॲप उघडून मोबाईल सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "हे बघा. एकदा दाबलं तर, इथे मी आता लाल लावतो. धरलं तर, पांढरा. झालं." त्यांनी रिमोट गुरूंपुढे धरला. "महाराज, लावा बोट. फुलासारखं."

स्पर्शगुरूंनी हात मागे घेतले. "या वास्तूतली ऊर्जा दूषित झाली आहे," ते म्हणाले, आणि पाहुण्यांच्या खोलीत सामान आवरायला गेले. जाताना एसी बंद करायचं मात्र विसरले.

"थोरल्या!" आतून अप्पांचा आवाज आला. "इकडे ये."

दादा आत गेले. मी आणि भाची दाराशी थांबलो. आत जायचं धाडस आम्हालाही झालं नाही.

"शिडी सोडलीस?"

"हो, अप्पा."

"फोन बघायला?"

"हो."

"अरे गाढवा!" म्हातारा कडाडला. "मला वाटलं माझाच पाय घसरला! इतके दिवस मी माझ्या पायाला शिव्या देतोय! रोज रात्री वाटायचं, आपण संपलो, आता आपल्याच्यानं शिडी चढवत नाही, आपण घरावर ओझं झालो. तुझ्या एका वाक्यानं माझं तेवढं तरी दुखणं गेलं असतं की रे!"

दादा पायाशी बसून लहान मुलासारखे हुंदके देत होते. अप्पा बराच वेळ बोलले, फार वाईट वाईट बोलले, त्यातलं निम्मं इथे लिहिण्यासारखं नाही. मग दम लागला तेव्हा थांबले आणि म्हणाले, "मंगळवारी मला जिन्यावरून खाली कोण नेणार?"

"मी नेईन, अप्पा."

"दोन्ही हातांनी धरायचं."

"दोन्ही हातांनी."

भाचीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

ऑपरेशन झालं. म्हातारा आता काठी टेकत दुकानात येतो, गल्ल्यापाशी बसतो आणि गिऱ्हाइकांना दादांपेक्षा जास्त बोलतो.

शिवणकाम करणारी ती बाई मला नंतर रस्त्यात भेटली. म्हणाली, "तुमचं खरं असेल, पण दिवा पांढरा झाला तेव्हा मला किती हलकं वाटलं होतं. ते कशाला हिरावून घेतलंत?" तिला मी काही टोचून बोलू शकले नाही. हलकं वाटणं खोटं नव्हतंच. पण तेच बटण तिनं गुरूंच्या सांगण्यावरून दाबून धरलं असतं, तर ती तितक्याच सच्चेपणानं स्वतःला पापी समजली असती, एवढंच मी तिला सांगितलं. ती विचार करत गेली.

दादांच्या कबुलीचंही तसंच. आजही शेजारपाजारचे म्हणतात, काही म्हणा, दिव्यानं खरं बोलायला लावलं! दिव्यानं काही केलं नाही हो. खरं त्यांच्या पोटात होतं, ते भीतीनं बाहेर पडलं. आणि भीतीनं खरं जितकं बाहेर येतं, तितकंच खोटंही येतं. माझी निर्दोष भाची त्याच दिव्यापुढे आठवडाभर स्वतःचे दोष आठवत बसली होती.

तेव्हा तुमच्या दारी कोणी असा चमत्कार घेऊन आला, तर त्याच्याशी वाद घालू नका. वादात तो तुम्हाला हरवेल, त्याचा तो धंदा आहे. त्याला एवढंच म्हणा, "हेच मी दुसऱ्या पद्धतीनं करून बघते." करू दिलं तर खरंखोटं तिथल्या तिथे दिसेल. करू दिलं नाही, तर खुशाल दार दाखवा. आणि घरात कोणाची ऑपरेशनची तारीख ठरली असेल, तर त्या दिवशी वेळेवर हॉस्पिटलात पोचा.